आतली कडी

काकीच्या लाँड्रीत कपड्यांपेक्षा गाठोडी जास्त दिसायला लागली, तेव्हा बाजारातल्या शहाण्यांनी ठरवून टाकलं की बाईचं डोकं फिरलं. डोकं काही फिरलं नव्हतं हो, बसला होता तो धंदा. घरोघरी कपडे धुवायची मशिनं आली, माणसं चुरगळलेला शर्ट तसाच अंगात अडकवून ऑफिसात जायला लागली, आणि दुकानाच्या उजव्या भिंतीवरचे खण एकेक करून ओस पडले. रिकामा खण बघितला की काकीचा जीव खालीवर व्हायचा. माणसानं रिकामं बसू नये आणि फळीनंही बसू नये, असं तिचं साधं म्हणणं.

त्यात एक दिवस समोरचा गोदामवाला हमाल मिळत नाही म्हणून बोंबलत होता, आणि त्याच्याच भिंतीला टेकून एक धडधाकट माणूस ऊन खात बसला होता. काकीला राहवलं नाही. "अरे, काम दारात चालून आलंय आणि तू बसून काय राहिलास?" तो म्हणाला, "जातो की. पण हे कुठं ठेवू?" हे म्हणजे त्याचं गाठोडं. अंथरूण, पातेलं, एक जुना जोडा. सोडून जावं तर संध्याकाळी जागेवर नसणार, आणि घेऊन जावं तर गोदामवाला म्हणणार, हा संसार घेऊन आत कुठं चाललास. काकीनं जन्मभर फुटपाथवरच्या माणसांना ऐतखाऊ म्हटलं होतं. त्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं गाठोडं उचललं, रिकाम्या खणात ठेवलं आणि म्हणाली, "जा आता. उशीर झाला तर तुझ्या वाटची बोलणी मी खाणार नाही."

सुरुवात एवढीच. पुढचं सगळं लाँड्रीच्या रीतीनं झालं. कपड्याला ओळखीसाठी रंगीत दोऱ्याची खूण टाचतात, तशी गाठोड्याला टाचायची आणि त्याच रंगाचा दोरा मालकाच्या हातात द्यायचा. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, आणि काहीही झालं तरी गाठ सोडायची नाही. सकाळी ठेवा, कामाला जा, संध्याकाळी घेऊन जा. बाजाराच्या कमिटीनं कुरकुरत होकार दिला, पण अट घातली की सामानापुरतंच. दुकानात रात्री माणूस झोपलेला दिसता कामा नये.

काकीच्या मदतीला तिचा धाकटा दीर होता. काकीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून दुकान हे दोघंच सांभाळत. हा दीर म्हणजे भावजी, इस्त्रीतला वस्ताद. त्यानं घातलेल्या पँटच्या धारेनं भाजी चिरावी. पण स्वभावानं रडतोंड्या. "वहिनी, हे दर्यात खसखस आहे," हे त्याचं रोजचं भजन. काकीचं उत्तरही ठरलेलं, "खसखस माझी आहे ना, मग टाकू द्या. दर्याचं दर्या बघेल."

एखादं गाठोडं नेलं आणि पुन्हा आलंच नाही, कारण मालकाला कुठंतरी खोली मिळाली, की काकी तो खण ओल्या फडक्यानं पुसून लख्ख करायची आणि दिवसभर गुणगुणायची. कधी उलटंही व्हायचं. गाठोडं खणात तसंच राहायचं, न्यायला कुणी यायचंच नाही, आणि दोन दिवसांनी कुठून तरी कानावर यायचं की थंडीत एकजण गेला. त्या दिवशी काकी कुणाशी बोलत नसे. भावजीला वाटायचं, आता ही हे खूळ सोडणार. दुसऱ्या दिवशी बघावं तर बाई नेहमीच्या वेळेला शटर वर करून उभी. सोडून द्यायला तिला कधी जमलंच नाही.

आता तोफेकडे येऊ. तोफ ही एक बाई होती. बंद पडलेल्या थिएटरच्या पायऱ्यांवर झोपायची. वयाचा अंदाज करू म्हटलं तर जवळ जावं लागेल, आणि जवळ कोण जाणार? दहा हातांवरूनच ती असा आवाज काढायची की भलेभले रस्ता बदलत, म्हणून बाजारानं तिला ते नाव ठेवलं होतं. शिवाय वास. तिच्या आधी तिचा वास यायचा आणि ती गेल्यावरही मागं रेंगाळत राहायचा. कोट, स्वेटर, डोक्याचा रुमाल, घोंगडी, सगळ्यांवर काळपट थर.

काकीनं हिवाळाभर तिचा पिच्छा पुरवला. पायरीवर चहाचा पेला ठेवायचा आणि शिव्या खाऊन परत यायचं, हा सकाळचा कार्यक्रम. "लोकांना देवळात जाऊन शांती मिळते, तुम्हाला शिव्या खाऊन मिळते," भावजी म्हणायचा. पण एक दिवस पेला रिकामा परत मिळाला, मग एक दिवस शिवीशिवाय मिळाला, आणि मग काकीनं विषय काढला. दवाखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला बाई हवी होती. कँटीनची मुख्य बाई काकीचं जुनं गिऱ्हाईक. दिवसभराचं काम, दोन वेळचं जेवण, महिन्याचा पगार.

तोफेनं आपलं गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "येते. पण हे तुझ्याकडं राहील आणि संध्याकाळी जसंच्या तसं पाहिजे."

"जसंच्या तसं मिळेल," काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारामागच्या नळावर आंघोळ करून, काकीनं दिलेला साधा धुतलेला कपड्यांचा जोड अंगावर घालून तोफ दुकानात आली, तर भावजीनं ओळखलंच नाही. "काय पाहिजे, बाई?" असं अदबीनं विचारून बसला. काखेतल्या गाठोड्यावरून मग त्याला कळलं. हिरवा दोरा तिला मिळाला. संध्याकाळी ती परत आली, मागच्या पडद्याआड जाऊन जुने मळके कपडे चढवले, चांगला जोड काकीच्या हवाली केला आणि पायऱ्यांकडे निघून गेली. आठवडाभर हे असंच चाललं. चांगले कपडे मळू नयेत म्हणून ही रात्री जुनं घालते, असं काकीनं धरून चाललं होतं. कँटीनची बाई खूश होती. "भांडी अशी घासते, की भांड्यांनी घाबरून चमकावं," ती म्हणाली. पगार झाला की खोलीचं बघू, असं काकीनं मनात मांडूनही ठेवलं होतं.

तेवढ्यात एका सकाळी, तोफ कामाला गेल्यावर, शेजारचा भांडीवाला आला. हा कमिटीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण नाकानं कांदे सोलायची सवय. आणि खरं सांगायचं तर या वेळी त्याचं नाक चुकीचं नव्हतं.

"काकी, तुमच्या दुकानातून जो वास येतोय, त्यानं माझं गिऱ्हाईक दारातून परत जातंय. उद्यापर्यंत गेला पाहिजे. नाहीतर कमिटीत विषय घ्यावा लागेल, आणि मग ही गाठोडी सगळीच बंद."

सगळीच बंद म्हटल्यावर काकीच्या तोंडचं पाणी पळालं. एका गाठोड्यापायी बाकीच्यांचं काम जायचं. तिनं खणातल्या हिरव्या दोऱ्याकडे पाहिलं. गाठ सोडायची नाही, हा नियम तिचाच. पण समोर मळका कपडा आणि पाठीमागं पाण्याची टाकी, अशात लाँड्रीवाल्या माणसाला नियम किती वेळ आठवणार? शिंप्याला उसवलेली शिवण दिसली की त्याचा हात सुईकडे जातो, तसं झालं. "धुऊनच टाकू," ती म्हणाली. "आल्यावर तिलाही बरं वाटेल. भावजी, पाणी तापवा."

काय धुतलं म्हणून सांगू. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवलं, ते पाणी काळं झालं तसं बदललं, पुन्हा भिजवलं. ब्रशनं घासलं. स्वेटर कोमट पाण्यात वेगळा, हळूच पिळून. काकीच्या बोटांची सालं निघाली. कोटाचा मूळ रंग निळा आहे, हे दुपारी पहिल्यांदा उघडकीला आलं. भावजीसुद्धा कुरकुर विसरला. त्यानं कोटाचं अस्तर टाचलं, एक बटण नव्हतं ते डब्यातून शोधून लावलं, आणि कॉलर अशी कडक बसवली की जणू कुणा साहेबाचा कोट. घोंगडी गच्चीवरच्या उन्हात वाळून फुलून आली. वास पार गेला. सेक्रेटरी येऊन हुंगून गेला आणि मान डोलावली. दोघांनाही फार दिवसांनी वाटलं, की आज काहीतरी खरं चांगलं काम आपल्या हातून झालं.

संध्याकाळी तोफ आली. काकीनं घड्या कागदात बांधून, वर दोरी लावून, मोठ्या गिऱ्हाइकाला द्यावं तसं पुढं केलं. "बघ तरी उघडून."

तिनं कागद फाडला. कोट उलगडला, नाकाशी नेला. काकी आणि भावजी तोंडभर हसत उभे. ही आता ओरडेल, दोन शिव्या देईल आणि मग खुदकन हसेल, असं दोघांना वाटत होतं. तोफ ओरडली नाही.

"वास कुठाय?" ती म्हणाली.

"गेला," भावजी ऐटीत म्हणाला. "सोपं नव्हतं बरं का."

"माझा वास कुठाय?"

"अगं, घाण होती ती," काकी म्हणाली.

"मला सांगतेस? ती मी जमवलेली होती, म्हातारे. एका दिवसात जमत नाही. मासळीचं पाणी सांडतं तिथं कोट अंथरून बसलेय मी." तिचा आवाज चढत नव्हता, आणि त्यामुळं ऐकवत नव्हता. "पायऱ्यांवर आले ना, त्या पहिल्या हिवाळ्यात मी स्वच्छ होते. रोज नळावर आंघोळ करायची." ती थांबली. पुढचं तिनं सांगितलं नाही आणि काकीनं विचारलं नाही. अशी गोष्ट बाईला बाईकडून पुरती ऐकावी लागत नाही. "मग मी घाण झाले. त्यानंतर कुणी जवळ आलं नाही. आता याला साबणाचा वास येतोय, कुणाच्या तरी घरातल्या बाईचा. हे घालून आज रात्री मी कुठं झोपू, ते सांग."

भावजीनं मान खाली घातली.  काकी जन्मभर एकच गोष्ट शिकली होती, की डाग काढला म्हणजे माणसाचं भलं होतं.

तोफेनं कपडे उचलले, बाहेर गेली, आणि दुकानासमोरच्या गटाराच्या काठी बसून निळा कोट चिखलात चोळायला लागली. शांतपणे, जसं कुणी कपडे धुवावे तशी. पण थंडीत गटार आटलेलं, चिखल घट्ट. कोट नुसता डागाळला. वास काही यायला तयार नव्हता.

काकी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. "चुकलं माझं."

"भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत केलीस माझी."

"उद्या कामाला जाशील ना?"

"काम गेलं खड्ड्यात. दिवसाच्या जेवणापायी रात्र घालवू होय?"

भावजी मागं येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "वहिनी, सोडा आता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आपण सगळ्यांना पुरे पडत नाही."

"सगळ्यांचं नाव काढू नका भावजी," काकी म्हणाली. "सगळे इथं बसलेले नाहीत. ही बसलीय."

मग तिनं तोफेला म्हटलं, "आमच्या घरी चल." तोफेनं भावजीकडे बोट केलं. "हा राहतो तिथं?" राहतो, म्हटल्यावर ती पुन्हा चिखलाकडे वळली. भावजी जन्मात कुणाच्या वाटेला गेला नव्हता, पण या वेळी त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. "बरोबर आहे तिचं," तो स्वतःशीच म्हणाला.

"मग सरकारी निवारा? मी स्वतः सोडायला येते."

"जाऊन आलेय. तिथं दाराला कुलूप बाहेरून. चावी राखणदाराकडं." तोफेनं हात झटकला. "ज्या दाराला आतून कडी नाही, ते दार मला नको. पायऱ्या बऱ्या. पायऱ्यांवरून पळता तरी येतं."

काकी उठली. गुडघे कटकन वाजले. तिनं आपल्या दुकानाच्या शटरकडे पाहिलं. एवढी वर्षं ते वर-खाली केलं, पण या नजरेनं कधी बघितलं नव्हतं. खाली दोन्ही टोकांना कुलपं, दोन्ही बाहेरून. आतून काही नाही. दुकानात रात्री कुणी असतच नाही, तर आतून कडी लावणार कोण?

"इथंच थांब," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत तुला कडी मिळेल."

"पुन्हा शब्द देतेस?"

"शब्द नाही देत. तुझ्या डोळ्यांदेखत लावते. बघ आणि पटलं तर राहा."

बाजारात वेल्डर एकच, आणि त्याला सगळे उद्यामास्तर म्हणत, कारण कुठलंही काम सांगा, त्याचं उत्तर "उद्या बघू". तो दुकान आवरत होता. काकीनं काम सांगितलं. त्यानं मान हलवली. "उद्या..."

"उद्याचं नाव काढलंस तर आजपासून तुझे कपडे तूच धू. तुझी ती डांबर लागलेली पँट मीच घेते, बाकी कुणी दारात उभं करत नाही."

उद्यामास्तरनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मशीन खांद्यावर मारलं.

ठिणग्या उडायला लागल्या तसा बाजार गोळा झाला. सेक्रेटरी लगबगीनं आला. "काकी, हे काय चाललंय? आतून कडी कशाला?"

"रात्री माणूस राहणार आहे म्हणून."

"आपलं काय ठरलं होतं? दुकानात माणसानं झोपायचं नाही."

"तुमच्या दुकानात कोण झोपतं हो?"

"तो राखणदार आहे माझा."

"ही माझी राखणदार आहे."

सेक्रेटरीनं तोफेकडे पाहिलं. ती फाटक्या कागदावर बसून त्याच्याकडे रोखून बघत होती. "हे कधी ठरलं?"

"आत्ता. उलट तुमचंही बरंय. हिचा आवाज तुम्ही ऐकलाय. चोर तुमच्या भांड्यांकडं तरी फिरकेल का?"

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. सेक्रेटरीला हसू आलं नाही. "काकी, तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगतो. आज एक राहिली, उद्या दारात रांग लागेल. मग काय करणार?"

हा प्रश्न काकीला स्वतःलाच कितीदा तरी पडला होता, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पण आज ती मागं हटणार नव्हती, शेंडी तुटो की पारंबी.

"उद्या रांग लागली तर उद्या बघू," ती म्हणाली. "उद्यामास्तर आहेच की. तुम्ही कमिटीत विषय घ्या, मी येऊन उत्तर देते. पण हिची रात्र आज आहे. कमिटीची मीटिंग होईपर्यंत हिनं कुठं उभं राहायचं, तेवढं सांगा. तुमच्या पायरीवर?"

सेक्रेटरी काहीतरी बोलणार होता. पण त्याची नजर चिखलानं भरलेल्या निळ्या कोटावर गेली आणि सकाळी आपण काय म्हणालो, ते त्याला बहुतेक आठवलं. "काही कमीजास्त झालं तर जबाबदारी तुमची," तो म्हणाला.

"माझीच."

कडी झाली. चांगली अंगठ्याएवढी जाड सळई, भिंतीत खोल जाणारी. तोफ उठून आत गेली. तिनं ती सरकवून बघितली, हलवून बघितली. मग शटर खाली ओढलं आणि आतून तिचा आवाज आला, "आता उघड."

काकीनं बाहेरची कुलपं बाजूला ठेवली आणि शटर वर ओढलं. हललं नाही.

"चावी लाव."

"चावीचा काही संबंध नाही आता."

"त्याला लावू दे जोर. तुझ्या दिराला."

भावजीनं बाह्या सरसावल्या, बूट रोवले, दात-ओठ खाल्ले. गर्दीतल्या दोघातिघांनी हात लावला. शटर करकरलं, पण वर काही गेलं नाही.  मग कडी निघाली आणि तोफेनं डोकं बाहेर काढलं.

"ही चावी तुझ्याकडं राहिली तरी तुला आत येता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"आग लागली तरी?"

"आग लागली तर तू आधी बाहेर येशील."

भावजीला घाम फुटला होता, आणि तो जोर लावल्याचा नव्हता. त्यानं काकीला बाजूला घेतलं. "वहिनी, आत गिऱ्हाइकांचे कपडे आहेत. परवाच्या लग्नाचे तीन कोट आहेत. आपलं दुकान आणि आपल्यालाच आत जाता यायचं नाही. ही उद्या सकाळी तिथं असेल कशावरून?"

"नसेलही," काकी म्हणाली. तिलाही भीती वाटत होती, आणि ती तिनं लपवली नाही. "तिनं आठवडाभर आपल्यावर भरवसा ठेवला, तेव्हा तिनं कुठं विचारलं होतं, कशावरून?"

 भावजीनं गच्चीवरची घोंगडी आणून दिली, आणि इस्त्रीच्या टेबलावरची जाड गादीही काढून जमिनीवर अंथरली. तोफेनं शटर ओढलं. कडी सरकल्याचा आवाज आला. काकी आणि भावजी घरी गेले.

सकाळी काकी नेहमीपेक्षा लवकर निघाली, तरी भावजी तिच्या पुढं. दुकानाचं शटर खाली होतं. लग्नाच्या कोटांचं गिऱ्हाईक नेमकं आजच लवकर येऊन ठेपलेलं, घड्याळ बघत. भावजीनं सवयीनं शटरला हात घातला, ते हललं नाही, आणि मग त्याला आठवलं.

"आत आहे म्हणजे," तो म्हणाला. त्याला इतकं हायसं वाटलं होतं, की काकीला हसू आलं.

त्यानं शटरवर थाप मारायला हात उचलला. काकीनं तो वरच्या वर धरला. "थांबा."

"अहो, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"झोपलीय ती."

"ऊन आलंय वर. अजून झोपते?"

"तेच तर," काकी म्हणाली. "ऊन आलंय वर आणि ती अजून झोपलीय. पायऱ्यांवर कुणी उजाडल्यावर झोपलेलं पाहिलंय का तुम्ही? तिथं रात्री डोळा लागत नाही आणि सकाळी लाथ मारून उठवतात."

भावजीचा हात खाली आला. कोटवालं गिऱ्हाईक समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसलं. सेक्रेटरी आपलं दुकान उघडायला आला. बंद शटर, बाहेर तिघं, हे बघून थबकला. "काय झालं? पळाली?"

काकीनं ओठांवर बोट ठेवलं. सेक्रेटरीनं हातातला चाव्यांचा जुडगा खाली ठेवला, तोही आवाज न करता. मग चहावाल्याला खुणेनंच सांगितलं, आणि सगळ्यांनी तिथंच चहा घेतला. बाजार हळूहळू उघडत होता. काकीनं आयुष्यात इतका वेळ रिकामं बसून काढला नव्हता.

पण कँटीनची वेळ होत आली. झोपू द्यावं तर काम जाणार, आणि काम गेलं तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. काकी उठली, शटरजवळ गेली आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. तोच तोफेचा आवाज, रस्त्याच्या टोकापर्यंत जाणारा.

काकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. ज्या दुकानाचं दार तिनं कुणालाही न विचारता अर्धं आयुष्य उघडलं होतं, तिथं उभी राहून ती म्हणाली, "मी आहे. लाँड्रीवाली. तुझी कामाची वेळ झाली. उघडतेस का?"

"थांब, कपडे करते," तोफ म्हणाली.

आणि काकी थांबली.